माजी सैनिकांचे यकृतविकार : उपचारांची दोन खाती कशासाठी?

कांद्याला अकाली कोंब फुटून तो वाया जाऊ नये, यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगाव येथे किरण-प्रक्रियेचे केंद्र उभारले. देशातील अत्युच्च विज्ञान एका बाजारगावापर्यंत चालत आले, ही गोष्ट कौतुकाची खरीच. परंतु त्याच गावातील एखाद्या निवृत्त हवालदाराच्या पोटात पाणी साठू लागले, म्हणजे मात्र विज्ञानाच्या दारी त्याला स्वतः चालत जावे लागते. ते दार देवळालीस आहे आणि तेथून पुढे पुण्यास किंवा मुंबईस. शिवाय जे दार उघडते, ते बहुधा एकाच खोलीचे. रोग हटविण्याची खटपट जेथे चालते तेथे रोग्याच्या अंगाची खाज, रात्री पायांत येणारे गोळे, उडालेली झोप आणि बायकोच्या डोळ्यांतील भीती यांची नोंद ठेवणारे कोणी नसते. त्यांची नोंद घेण्याची वेळ येते, तेव्हा 'आता घरी न्या' असे सांगून झालेले असते.

वैद्यकाची ही दोन खाती, एक रोग हटविण्याचे आणि दुसरे दुःख हलके करण्याचे, अशी वेगळी का ठेवावीत आणि दुसरे खाते पहिले बंद झाल्यावरच का उघडावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे कर्करोगाच्या संदर्भात थोडाफार झाला आहे. यकृताच्या रोगाबाबत तो जवळजवळ झालेलाच नाही. आणि माजी सैनिकांच्या बाबतीत तर तो करणे सर्वांत सोपे असूनही झालेला नाही, कारण त्यांच्यासाठी सरकारने एक स्वतंत्र आरोग्ययोजना, तिचे दवाखाने आणि तिचा निधी ही सारी यंत्रणा आधीच उभी केली आहे.

निफाड, येवला, चांदवड, सिन्नर या तालुक्यांना लष्कर परके नाही. नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि देवळालीची छावणी हाकेच्या अंतरावर आहे. शिपाई म्हणून भरती झालेला तरुण पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत गावी परततो. मग त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. कोणी बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहतो, कोणी साखर कारखान्यात किंवा एखाद्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर राखणदारी करतो, कोणी भावाच्या वाट्यातील दोन एकरांत कांदा लावतो. हुद्दा कोणताही असो, गाव त्याला 'मेजर'च म्हणते. १९८० च्या सुमारास भरती झालेली ही पिढी आज साठी-पासष्टीच्या पलीकडे गेलेली आहे आणि यकृताचे जुने हिशेब चुकते होण्याचे वय नेमके हेच.

हे हिशेब तीन प्रकारचे असतात. पहिला दारूचा. तो सर्वांच्या जिभेवर असतो, म्हणून त्याविषयी थोडक्यात एवढेच, की लष्करी कँटीनमध्ये हुद्द्यानुसार ठरलेल्या प्रमाणात सवलतीच्या दराने मद्य मिळते आणि ही सवलत निवृत्तीनंतरही चालू राहते. जे सरकार एका खिडकीतून स्वस्त रम देते तेच दुसऱ्या खिडकीतून यकृताचे औषध देते. या विसंगतीवर पुष्कळ बोलता येईल. तथापि प्रत्येक पिवळ्या डोळ्यांच्या फौजीला दारूबाज ठरविण्याची जी सवय समाजाला जडली आहे, ती अन्यायाची आहे. कारण दुसरा हिशेब विषाणूंचा आहे. 'क' प्रकारच्या काविळीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला आणि आपल्या रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली ती १९९७ मध्ये. तत्पूर्वी ज्यांना अपघातात वा जखमी अवस्थेत रक्त दिले गेले, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात हा पाहुणा वीस-पंचवीस वर्षे गुपचूप राहिला. तिसरा हिशेब मधुमेह आणि लठ्ठपणा यांतून होणाऱ्या चरबीयुक्त यकृताचा. पहाटेची दौड सुटली, जेवण मात्र फौजीच राहिले, असे ज्यांचे झाले त्यांत तो अधिक. पुष्कळदा हे तिन्ही हिशेब एकाच वहीत असतात.

आधी की नंतर?

यकृताला चट्टे पडून ते आकसते, टणक होते, त्यास सिरॉसिस म्हणतात. या रोगाची चाल समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. जोवर उरलेले यकृत काम निभावून नेते तोवर रोगी चालताबोलता असतो, आणि अशा रोग्यांचे सरासरी आयुर्मान बारा वर्षांहून अधिक असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु एकदा का जलोदर झाला, रक्ताची उलटी झाली किंवा विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून भ्रम झाला, की तीच सरासरी दोन वर्षांच्या आसपास येते. बाराचे दोन होतात. एवढी मोठी घसरण ज्या दिवशी झाली, त्या दिवशी घरातील कोणालाही ती सांगितली जात नाही. पोटातील पाणी काढले जाते, गोळ्या लिहून दिल्या जातात आणि 'पंधरा दिवसांनी या' असे म्हटले जाते.

येथे कर्करोगाशी असलेला फरक ध्यानात घ्यावयास हवा. कर्करोगाची उतरण बरीचशी सरळ असते आणि केव्हा आशा सोडावी याची रेषा काढणे तुलनेने सोपे असते. यकृताचा रोगी पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. दारू कायमची सुटली किंवा विषाणूवर औषध लागू पडले, तर जलोदर झालेला मनुष्यही कित्येकदा सावरतो. 'क' प्रकारच्या काविळीवर आज बहुतेकांना पूर्ण बरे करणारी तोंडी औषधे आहेत आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. उलट, काल बाजारात हिंडलेला मनुष्य आज रक्त ओकून चार दिवसांत जातो, असेही होते. म्हणजे कोणता रोगी कोणत्या वाटेने जाणार हे उत्तम डॉक्टरलाही आधी सांगता येत नाही. असे असताना 'आधी बरे करण्याचा प्रयत्न, तो फसल्यावर आराम देण्याचा' हा क्रम मुळातच तर्कदुष्ट ठरतो. ज्या व्यवहारात निकाल अनिश्चित असतो तेथे शहाणा मनुष्य सारे भांडवल एकाच बाजूला लावीत नाही. उन्हाळ कांदा काढणारा शेतकरीसुद्धा थोडा लिलावात आणतो आणि थोडा चाळीत ठेवतो.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती सर्वांत निकडीची आहे. या रोगात शरीराआधी कित्येकदा बुद्धी जाते. यकृताने न गाळलेली द्रव्ये मेंदूवर चढली की रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, घरच्यांना ओळखत नाही, सदरा उलटा घालतो. 'शेवटपर्यंत अतिदक्षता विभागात राहायचे की घरी?', 'धाकट्याने यकृताचा तुकडा द्यावा असे तुम्हाला वाटते का?' हे प्रश्न त्याला तेव्हा विचारून उपयोग नसतो. ते प्रश्न त्याने नंतर सोडवावेत म्हणून राखून ठेवले, तर 'नंतर' उत्तर देणारा उरत नाही. मग ज्या गृहस्थाने आयुष्यभर आपल्या तुकडीचे निर्णय घेतले, त्याच्या स्वतःच्या अखेरच्या आठवड्याचा निर्णय रुग्णालयाच्या जिन्यात दोन भाऊ आणि एक जावई कुजबुजत घेतात.

वैद्यकीय परिभाषेत ज्याला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात आणि मराठीत परिहारक सेवा म्हणता येईल, तिच्याविषयीचा गैरसमज येथेच आड येतो. परिहारक सेवा म्हणजे मरणाची तयारी, असे रोग्यालाच नव्हे तर पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था काढली तेव्हा ती मरणासन्नांसाठीच होती, हे खरे. परंतु विचार तेथे थांबलेला नाही. २०१० साली बोस्टन येथील डॉक्टरांनी फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना तेच उपचार अधिक पहिल्यापासून परिहारक सेवा, अशी ती विभागणी होती. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, अखेरच्या दिवसांत त्यांच्यावर जबरीचे उपचार कमी झाले आणि तरीही ते अधिक जगले. त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने होते, तर इतरांचे ८.९. आशा सोडल्यामुळे मनुष्य लवकर जातो, या समजुतीस त्या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला.

यकृताच्या बाबतीत असा निर्विवाद पुरावा अजून तयार झालेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनाही सामील करून घेऊन एक मोठी चाचणी योजण्यात आली. परिहारक सेवेच्या तज्ज्ञाला बोलवावे, की यकृततज्ज्ञालाच त्या कामाचे शिक्षण द्यावे, हा तिचा प्रश्न. दोन्ही बाजूंना परिहारक सेवा गृहीत धरलेली आहे. वाद आहे तो कोणी द्यावी याचा. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यातही प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असो वा नसो, रोगाच्या कोणत्याही टप्प्यावर ही सेवा द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात काय घडते? कॅनडात प्रत्यारोपण नाकारलेल्या सुमारे शंभर रोग्यांची कागदपत्रे तपासली असता त्यांतील दहा-अकरा टक्क्यांनाच परिहारक सेवेकडे पाठविले गेल्याचे २०१४ मध्ये आढळून आले. श्रीमंत देशाची ही गत असेल तर निफाड तालुक्याने फार खजील होण्याचे कारण नाही. सावध होण्याचे मात्र आहे.

फुकट उपचारांची किंमत

माजी सैनिक अंशदायी आरोग्ययोजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. निवृत्तीच्या वेळी हुद्द्यानुसार एकदाच अंशदान भरावयाचे आणि स्वतःस व पत्नीस हयातभर उपचार मिळवावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. देशात तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. तेथून गरजेप्रमाणे लष्करी रुग्णालयाकडे किंवा करारबद्ध खाजगी रुग्णालयाकडे चिठ्ठी दिली जाते आणि बिल योजना भरते. आपल्या देशातील असंख्य असंघटित कामगारांच्या वाट्याला जे येत नाही ते येथे आहे, याविषयी शंका नाही. योजनेवर टीका करताना हे विसरू नये.

परंतु अर्थशास्त्रातील एक जुना धडा असा, की ज्या गोष्टीला दर असतो तिचा पुरवठा होतो. खाजगी रुग्णालयांना द्यावयाच्या बिलांसाठी दरपत्रक असते. त्यात दुर्बिणीने अन्ननलिकेतील शिरा बांधण्याला दर आहे, खाटेला दर आहे, अतिदक्षता विभागाच्या दिवसाला दर आहे. रोग्यासमोर आणि त्याच्या पत्नीसमोर पाऊण तास बसून रोगाची चाल समजावून सांगणे, या कामाला दर लावण्याची आपल्याकडे रीत नाही. डॉक्टर निर्दय असतात म्हणून हे काम होत नाही, असे नव्हे. ज्या कामाचा रकाना नाही ते काम दिवसाच्या शेवटी उरते, आणि दिवस संपतो.

आणि रोग्याच्या बाजूचा खर्च? उदाहरणादाखल लासलगावनजीकच्या एखाद्या खेड्यातील जलोदराचा रोगी घ्यावा, ज्याच्या पोटातील पाणी दर पंधरवड्यास काढावे लागते. सकाळी घरातून निघावयाचे, लासलगाव स्टेशनवर गाडी धरावयाची, निफाड, खेरवाडी, ओढा करीत नाशिकरोड आणि पुढे देवळाली. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचेच, पण फुगलेल्या पोटाने डब्याची पायरी चढणे हा निराळाच पराक्रम आहे. बरोबर मुलगा हवा. चिठ्ठी, रांग, दुसरे रुग्णालय, परतीची गाडी. वर्षाच्या २६ खेपा आणि प्रत्येक खेपेस दोन माणसांचा एक दिवस, म्हणजे ५२ मनुष्यदिवस झाले. खाट लागली तर ते दुप्पट-तिप्पट होतात. कांद्याच्या हंगामात मुलाचा एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे लिलावाच्या ओळीत ट्रॅक्टर लावणाऱ्यास विचारावे. योजनेच्या वहीत हा सारा खर्च शून्य आहे, कारण तो योजनेने केलेला नाही.

वस्तुतः पाणी काढण्याचे काम अवघड नाही. ग्रामीण रुग्णालयातील शिक्षित डॉक्टर ते करू शकतो. पाच लिटरहून अधिक पाणी काढल्यास प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावे लागते. आठ लिटरला तीन बाटल्या लागतात आणि एकेक बाटली काही हजारांची असते. अडचण आहे ती या बाटल्यांची. रोगी केंद्राच्या योजनेचा आणि लासलगावचे ग्रामीण रुग्णालय राज्याचे. औषध पाठवावे कोणी, नोंद ठेवावी कोणी, असा हा दोन सरकारांतील प्रश्न आहे. त्यावर एक करारनामा पुरेसा आहे. वैद्यकातील कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

आता प्रत्यारोपणाविषयी. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात यकृत-प्रत्यारोपण होते, आणि महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही होते. २०२३ साली देशात साडेचार हजारांच्या आसपास यकृत-प्रत्यारोपणे झाली, त्यांतील बहुसंख्य जिवंत नातलगाने दिलेल्या तुकड्यावर. गरजूंच्या मानाने ही संख्या अगदीच तोकडी आहे. सत्तरीजवळच्या, मधुमेही, हृदय दुबळे झालेल्या माजी सैनिकाला ही संधी मिळण्याचा संभव फारसा नाही. तरीही 'प्रत्यारोपण करता येईल, बघू' हे एक वाक्य पुष्कळ घरांत वर्ष-दीड वर्ष ठाण मांडून बसते. त्या वाक्याच्या आधाराने जमीन गहाण पडते, मुलीचे लग्न लांबते. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यास परिहारक सेवा द्यावयाची ती नेमकी यासाठी, की वाट पाहण्याचा काळ हाच त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग असू शकतो.

दोन्ही सेवा एकत्र दिल्यास खर्च वाढेल, ही शंका अर्थखात्यातील कोणीही घेईल. तिला उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अनुभवात सापडते. तेथील वृद्धांच्या सर्वसाधारण विमायोजनेत १९८२ पासून असा दंडक आहे, की परिहारक 'हॉस्पिस' सेवा हवी असेल तर रोग हटविण्याचे उपचार सोडल्याचे लिहून द्यावयाचे. माजी सैनिकांच्या खात्याने मात्र दोन्ही एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. फुप्फुसाच्या प्रगत कर्करोगाच्या सुमारे तेरा हजार माजी सैनिकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या केंद्रांत हॉस्पिस सेवेचा वापर अधिक होता तेथे जबरीचे उपचार कमी झाले, खर्च कमी झाला आणि आयुर्मानात घट झाली नाही, असे त्यात दिसले. कर्करोगावरून यकृतावर थेट उडी मारणे योग्य नाही, हे मान्य. पण 'एकतर हे, नाहीतर ते' ही अट काढून टाकल्याने तिजोरी बुडते, असे म्हणणाऱ्यांनी आता पुरावा द्यावयाचा आहे.

देवळाली ते लासलगाव

आपल्याकडे या सेवेची परंपरा नाही असे नाही. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून रोग्यांना विनामूल्य आधार देत आले आहे. या संस्था उभ्या राहिल्या त्या कर्करोग्यांसाठी. यकृताचा रोगी तेथे जात नाही आणि त्याला तेथे पाठविण्याचे कोणास सुचतही नाही. केरळने निराळा मार्ग धरला. १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी विणली गेली आणि २००८ साली राज्याने परिहारक सेवेचे धोरणच जाहीर केले. पंचायतीच्या परिचारिकेने घरी जाऊन रोगी पाहावा, हा त्याचा कणा. तेथे रोग कोणता हे विचारले जात नाही. अंथरुणाला कोण खिळले आहे, हे विचारले जाते.

निफाड तालुक्यात हेच करावयाचे झाले, तर माणसे कोठून आणावयाची? एक उत्तर डोळ्यांसमोरच आहे. लष्कराच्या वैद्यकीय दलातून निवृत्त झालेले परिचारक-सहायक याच खेड्यांतून राहतात. जखम बांधणे, शीर शोधणे, रोग्याला कुशीवर वळविणे त्यांच्या हातात मुरलेले आहे आणि फौजीशी फौजीच्या भाषेत बोलण्याची कला त्यांना निराळी शिकवावी लागणार नाही. त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमता येईल. नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाजवळ माजी सैनिकांच्या नोंदी असतात. त्यातून ही माणसे शोधणे कठीण जाऊ नये.

अशा परिचारकाने करावयाची कामे ऐकावयास क्षुल्लक वाटतील. भ्रम टाळण्यासाठी लॅक्ट्युलोज नावाचे गोड पातळ औषध देतात, दिवसातून दोन-तीन वेळा शौचास व्हावे इतक्या प्रमाणात. घरची मंडळी 'जुलाब लागले' म्हणून ते बंद करतात आणि आठवड्याने रोगी बेशुद्ध होऊन रुग्णालयात जातो. मिठाचे प्रमाण दिवसाला एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमवर ठेवावयाचे असते. पण भाजीत मीठ कमी करून पापड, लोणचे आणि ठेचा तसाच चालू राहतो. डाळ, अंडी, दूध बंद करण्याचा जुना सल्ला आजही दिला जातो. तो आता चुकीचा ठरला आहे. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने या रोग्याला हवीत, म्हणजे साठ किलोच्या मनुष्याला ७२ ते ९० ग्रॅम, आणि रात्री उपाशीपोटी झोपावयाचे नाही. अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते, जे या अवस्थेत मूत्रपिंडास घातक असते. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत चालणाऱ्या पॅरासिटामोलची मात्र धास्ती घेतली जाते. आता हे काम रोग हटविण्याच्या खात्यात टाकावयाचे की दुःख हलके करण्याच्या? लॅक्ट्युलोजचा चमचा दोन्ही खात्यांत एकाच वेळी जमा होतो.

मॉर्फिनबाबत थोडे सावध लिहावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते इतके दुर्मीळ केले, की वेदनेने तळमळणाऱ्यास ते मिळेनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची गुंतागुंत पुष्कळ कमी केली. परंतु दुबळ्या यकृतात ते साचून राहते, म्हणून अत्यल्प मात्रेत, अंतर ठेवून आणि जाणत्या हातानेच द्यावयाचे असते. म्हणूनच यकृततज्ज्ञ आणि परिहारक डॉक्टर एकाच टेबलाशी बसण्याची गरज येथे कर्करोगापेक्षाही अधिक आहे.

देवळालीच्या पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्यातील एक सकाळ यकृतरोग्यांसाठी राखून, तेथे फिजिशियन, परिहारक सेवेचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आणि समुपदेशक एकत्र बसावेत. आणि पहिला जलोदर, पहिली रक्ताची उलटी किंवा पहिला भ्रम झाला की रोगी आपोआप तेथे यावा, त्यासाठी कोणाच्या मर्जीची वाट नको, एवढी व्यवस्था आरंभास पुरे. याच सकाळी कँटीनच्या कोट्याचा विषयही निघू शकतो. सक्तीने तो बंद केल्यास रोगी गावठी दारूकडे वळेल, हे कोणत्याही सैनिकपत्नीला ठाऊक आहे. पण स्वेच्छेने कोटा सोडल्याचा साधा अर्ज तेथेच भरून घेण्याची सोय असावी आणि दारू सोडण्यासाठी मानसोपचाराची चिठ्ठी त्याच टेबलावर मिळावी. जो सोडू शकत नाही त्याच्या खाजेवरचे आणि वेदनेवरचे औषध मात्र त्याबद्दल शिक्षा म्हणून थांबवू नये. दुःख हलके करण्याला पात्रतेची परीक्षा नसते.

गावाकडची बाजू राज्य सरकारची. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांत वृद्धांची व परिहारक सेवा कागदावर समाविष्ट आहेच. तिचा पहिला रोगी माजी सैनिक असावा की शेतमजूर, हा भेद तेथे करण्याचे कारण नाही. किंबहुना माजी सैनिकांच्या योजनेच्या पैशातून तालुक्यात एक परिचारक फिरू लागला, तर वाटेवरच्या दुसऱ्या घरातील जलोदराच्या रोग्याकडे तो पाठ फिरवू शकणार नाही, आणि फिरवू नये.

राहता राहिली रोग्याने स्वतः करावयाची एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने, बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. त्या वेळी घातलेल्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीच्या अटीमुळे तो हक्क कागदावरच राहिला होता. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले म्हणजे पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातलगाचे नाव त्यात घालता येते, आणि एकाहून अधिक नावे घातली तरी चालते. बुद्धी शाबूत असताना केलेलेच पत्र ग्राह्य असते. म्हणून ते पहिल्या भ्रमाच्या आधी व्हावयास हवे, आणि देवळालीच्या त्या सकाळच्या टेबलावर त्याचा मराठी नमुना ठेवलेला असावा.